मरणाचा सांगावा आणि आमची गाणी

माजलगावात परवा एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमचे जाणे झाले. बुद्धवंदना झाली, दोन-चार जण बोलले, भोजनदानाची तयारी सुरू झाली. मांडवाच्या कडेला नात्यातलाच एक पोरगा उभा होता. इंजिनिअरिंगला शिकतो. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर पांढरी कवटी आणि खाली इंग्रजी अक्षरे. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने त्याला हटकलेच, "पुण्यानुमोदनाला असले कपडे घालतेत व्हय रे?"

पोरगा हळूच म्हणाला, "नाना, हे अमेरिकेतल्या एका बँडचं चित्र हाय. डेथरॉक म्हणतेत त्या गाण्याला."

"डेथ म्हंजी मरणच ना? मग मरणाचं गाणं कशाला म्हणावं माणसानं?"

पोराकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. उत्तर आले ते भिंतीला टेकून बसलेल्या, नव्वदीकडे झुकलेल्या आजीकडून. ती म्हणाली, "मरणाचं गाणं आमी बी म्हणलंय की. बाबासाहेब गेले तवा जात्यावर आमच्या आयांनी दुसरं काय म्हणलं असंल?"

मांडव क्षणभर गप्प झाला. त्या एका वाक्याने आम्हाला घरी येऊन त्या पोराचे गाणेही ऐकायला लावले आणि आजीच्या गाण्याचा शोधही घ्यायला लावला. दोन टोकांची ही दोन गाणी आज शेजारी ठेवून पाहायची आहेत. यातून आमच्या चळवळीला विचारावा असा एक प्रश्न निघतो, म्हणून हा प्रपंच.

काळ्या कपड्यांतले गाणे

आधी पोराचे गाणे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिस आणि आसपासच्या उपनगरांत, १९७० च्या दशकाच्या शेवटी हे संगीत जन्माला आले. त्याआधी पंक नावाचे वादळ येऊन गेले होते. पंकवाल्या पोरांचे म्हणणे साधे होते. गाणे म्हणायला मोठा उस्ताद लागत नाही, मोठी कंपनी लागत नाही, तीन सूर येत असतील तर उभे राहा आणि तुमचा राग बोला. स्वतःच रेकॉर्ड काढा, स्वतःच पत्रके छापा, स्वतःच कार्यक्रम भरवा. हा राग थोडा निवला, अंतर्मुख झाला, तेव्हा त्याला पोस्ट-पंक म्हणू लागले. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरातला जॉय डिव्हिजन हा त्यातला गाजलेला बँड. त्याचा गायक इयान कर्टिस १९८० च्या मे महिन्यात वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला.

लॉस एंजेलिसच्या पोरांनी या पोस्ट-पंकला स्मशानाचे कपडे चढवले. ढोलाचे ठोके पुढे, जाड तारांची बेस गिटार पुढे, मुख्य गिटार खरखरीत, आणि गायकाचा आवाज रडका की चिडका ते कळू नये असा. क्रिश्चन डेथ, फॉर्टीफाइव्ह ग्रेव्ह, कम्युनिटी एफके ही त्यातली नावे. क्रिश्चन डेथ हे नाव म्हणजे एका श्रीमंती फॅशन कंपनीच्या नावाची केलेली टर. त्या बँडचा संस्थापक रॉझ विल्यम्स कर्मठ बाप्टिस्ट घरात वाढला होता. धर्माने लहानपणापासून जी पापाची भीती डोक्यात भरली, तिलाच त्याने १९८२ च्या पहिल्या अल्बममध्ये नंगे केले. रेगन यांची राजवट होती, अणुयुद्धाची भीती होती, उपनगरांतल्या सुखवस्तू घरांत पोरांचा जीव गुदमरत होता. त्या पोरांनी चेहरे पांढरे रंगवले, डोळ्यांत काजळ घातले आणि सुखी समाजाला सांगितले की तुमचे हे सुख मेलेले आहे. रॉझ विल्यम्स १९९८ साली गेला. गाणे मात्र थांबले नाही. २००३ पासून न्यूयॉर्कमध्ये या संगीताचे स्वतंत्र मेळावे भरू लागले, पुढे ते युरोपातही गेले. लहान हॉल, शे-दोनशे माणसे, हाताने छापलेली पत्रके, स्वतःच काढलेल्या कॅसेटी. चाळीस वर्षे उलटून गेली तरी ही चूल विझलेली नाही.

यात आम्हाला काय वाटले? खरे सांगायचे तर दोन गोष्टी एकदम वाटल्या. पहिली, ही पोरे प्रामाणिक आहेत. दुसरी, यांना मरण निवडता आले! कवटी टी-शर्टवर छापता आली, रात्री मिरवता आली आणि सकाळी धुवून वाळत घालता आली. आमच्या बापजाद्यांना ती सोय नव्हती.

मुळाशी कोण आहे?

पण थांबा. या गाण्याची मुळे उपनगरांतल्या गोऱ्या पोरांपाशी संपत नाहीत. ती खणत गेले की काळी माती लागते. पंकच्या मागे रॉक अँड रोल आहे आणि रॉक अँड रोलच्या मागे आहे ब्लूज, म्हणजे कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांचे गाणे. चर्चमध्ये आणि बाहेर इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई रॉकच्या पोरांची थोरली आई होती. १९३९ साली बिली हॉलिडे या गायिकेने न्यूयॉर्कच्या एका क्लबात 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे म्हटले. झाडाला फास लावून मारलेल्या काळ्या माणसांचे ते गाणे. तिची नेहमीची मोठी कंपनी ते ध्वनिमुद्रित करायला तयार झाली नाही. एका लहान कंपनीने ते काढले. आमच्या मते मरणाचे खरे आधुनिक गाणे ते! त्यात कवटीचे चित्र नव्हते, समोर खरी प्रेते होती. खैरलांजी ज्यांनी सोसली त्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक हकिकत सांगतो. डेट्रॉइट शहरात हॅकनी नावाच्या तीन काळ्या भावांनी १९७० च्या दशकात एक बँड काढला. त्यांचे वडील अपघातात गेले होते. थोरला विचारवंत भाऊ डेव्हिड म्हणाला, मरण ही वाईट गोष्ट आहे असे जग मानते, आपण तिला दुसरा अर्थ देऊ. त्याने बँडचे नावच ठेवले डेथ. पंकचे नाव जगाला ठाऊक होण्याआधी, १९७५ साली, या तिघांनी पंकसारखीच गाणी ध्वनिमुद्रित केली. एका मोठ्या संगीत कंपनीचा प्रमुख पैसे द्यायला तयार होता. अट एकच. नाव बदला. डेव्हिडने नकार दिला. काम अर्धवट राहिले. भावांनी पदरमोड करून १९७६ मध्ये एका रेकॉर्डच्या पाचशे प्रती काढल्या आणि त्या विस्मरणात गेल्या. डेव्हिड २००० साली वारला. त्यानंतर नऊ वर्षांनी, २००९ मध्ये, ती गाणी अखेर अल्बम होऊन जगापुढे आली आणि संगीताच्या इतिहासकारांना आपली पाने पुन्हा लिहावी लागली.

नाव बदलणार नाही! मराठवाड्यातल्या वाचकाला या तीन शब्दांचा अर्थ कळतो. आमचा लढा उलटा होता, आम्हाला नाव द्यायचे होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावोगाव आमची घरे पेटली. पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांनी जीव दिला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका नावासाठी जवळजवळ सोळा वर्षे! नाव म्हणजे काय असते, हे डेट्रॉइटच्या त्या काळ्या भावाला आणि मराठवाड्यातल्या आमच्या भावाला सारखेच कळले होते. म्हणून आम्ही त्या पोराला म्हणतो, बाळा, कवटीचा टी-शर्ट घाल, पण त्या कवटीच्या मागचा काळा माणूस विसरू नकोस.

मरण हे आमचे वतन होते

आता आमच्याकडे येऊ. गावगाड्याने महाराला जी कामे लावून दिली होती त्यांत एक काम होते मरणाचा सांगावा नेण्याचे. पाटलाच्या घरात कुणी मेले की महाराने दहा-वीस कोस पायपीट करून सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी ती बातमी पोहोचवायची. ऊन असो, पाऊस असो. सरणाची लाकडे वाहायची. मेलेले जनावर ओढायचे. हलगी वाजवायची ती मांगाने, मढ्याच्या पुढे चालायचे ते मांगाने. मसणजोग्याचे तर नावच मसणावरून पडले. गावाचे सगळे मरण उचलायचे आम्ही, आणि आमच्या मढ्याला मात्र गावाच्या मसणवट्यात जागा नाही! आजही मराठवाड्यातल्या कित्येक गावांत स्मशानभूमीच्या वाटेवरून भांडणे होतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

अमेरिकेतल्या त्या पोरांनी मरण अंगावर घेतले ते बंड म्हणून. आमच्यावर मरण लादले ते वतन म्हणून. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला समाजाला जे सांगितले त्यात मेलेल्या गुरांचे मांस सोडा, मिंधेपणाची कामे सोडा हा गाभा होता. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते याचसाठी. मरणाचा सांगावा नेणारे पाय त्यांनी शाळेकडे वळवले.

आणि मग ६ डिसेंबर १९५६ उजाडला. दिल्लीत २६, अलीपूर रोडवर बाबासाहेब गेले. विमानाने पार्थिव मुंबईत आले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या समुदायाने निरोप दिला. पण मराठवाड्यातल्या खेड्यांत, जिथे रेडिओ नव्हता, वर्तमानपत्र येत नव्हते, तिथे ही बातमी माणसाच्या तोंडानेच पोहोचली. पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या मरणाचे सांगावे नेणाऱ्या समाजाने पहिल्यांदाच आपल्या स्वतःच्या बापाच्या मरणाचा सांगावा आपल्या माणसांना नेला. तो बिदागीसाठी नेला नाही, पाटलाच्या हुकमाने नेला नाही. आणि तो सांगावा नुसता बोलून संपला नाही, त्याचे गाणे झाले. आमच्या मते आमच्या संगीताच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा वळणबिंदू आहे, आणि त्याची नोंद संगीताच्या कुठल्या प्रस्थापित ग्रंथात ठळकपणे केलेली नाही.

त्याआधी जलसा होताच. नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाचा ढाचा घेऊन त्यातली गवळण-गण बाजूला सारली आणि सत्याग्रह, शिक्षण, स्वच्छता हे विषय उभे केले. आपली दहा भाषणे आणि शाहिरांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, असे जुने कार्यकर्ते सांगत आले. मग वामनदादा कर्डक आले. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, १५ मे २००४ ला निधन. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली आणि खांद्याला पिशवी अडकवून ती गावोगाव वाटली. कंपनी नाही, मॅनेजर नाही, मानधनाचा हिशोब नाही. पंकवाली पोरे ज्याला 'स्वतःच करा' म्हणतात ते वामनदादांनी त्यांच्याआधी तीस वर्षे सुरू केले होते. पुढे प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजाने आणि कॅसेटच्या लाटेने हे गाणे झोपडीझोपडीत गेले.

माजलगावचे भीमनगर

पण आजी बोलली ती शाहिरांबद्दल नाही. ती बोलली बायांबद्दल, जात्याबद्दल.

जाते म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावे लागेल. खालची तळी, वरची तळी, मध्ये खीळ, कडेला खुंटा. पहाटे तीन-चार वाजता दोन बाया समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला हात लावायच्या. एकीने घास घालायचा, दोघींनी ओढायचे. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. तिथे पुरुष नसायचा, सासू झोपलेली असायची. बाईला मोकळे बोलायची दिवसातली तेवढी एकच जागा. पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला, हे पूर्वापार ठरलेले असे, आणि तिथे देवादिकांची नावे येत. आमच्या बायांनी काय केले? चाल तीच ठेवली, जाते तेच ठेवले, नावे बदलली! देवाच्या जागी बुद्ध आला, भीम आला, रमाई आली. धर्मांतराचा ठराव कुठल्या सभेत झाला हे इतिहासात लिहिले आहे. पण ते धर्मांतर रोज पहाटे घराघरात कसे पचवले गेले, हे त्या जात्याला माहीत आहे.

आणि हे ऐकायचे असेल तर आज एक जागा आहे. पुण्याचे संशोधक हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटवँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बाया, एक लाखाहून अधिक ओव्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच अभ्यासकाने त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित केल्या. १९९६ साली ही मंडळी बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात आली आणि तिथे त्यांना बाबासाहेबांवरच्या ओव्यांची खाणच सापडली. राधाबाई बोऱ्हाडे यांच्यासारख्या बायांचे आवाज तेव्हा टेपवर उतरले. पॉइटवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली गेल्या. हा सगळा ठेवा आता 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आहे आणि २०१७ पासून तो सगळ्यांना खुला आहे.

या ओव्यांत बाबासाहेब पुतळ्यातले नाहीत. ते भाऊ आहेत, बाप आहेत, घरी पाहुणे येणारे आहेत. त्यांच्यासाठी अंगण सारवले जाते. आणि म्हणूनच त्यांचे जाणे हे नेत्याचे जाणे राहत नाही, घरातल्या कर्त्याचे जाणे होते. शाहिराच्या गाण्यात सहा डिसेंबर म्हणजे देशावरचा आघात असतो. बाईच्या ओवीत सहा डिसेंबर म्हणजे घरातली रिकामी जागा असते. दोन्ही खरे आहे, पण दुसरे आम्ही ऐकलेच नव्हते!

गाण्याची किंमत

कुणी म्हणेल, गाणीच ती, त्यात एवढे काय? त्याला विचारा, गाण्याने माणूस मरतो का?

अमेरिकेत हा प्रश्न खरोखर कोर्टात गेला. जुडास प्रीस्ट या बँडच्या गाण्यामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, असा दावा नेवाडा राज्यात १९९० साली चालला. कोर्टाने तो फेटाळला. आमच्याकडे हीच कल्पना 'कोर्ट' या २०१४ च्या मराठी चित्रपटात आली. शाहिराच्या गाण्यामुळे गटारकामगाराने आत्महत्या केली, असा त्यातला खटला. त्या शाहिराची भूमिका नागपूरचे आपले वीरा साथीदार यांनी केली, गाणी संभाजी भगतांची. साथीदार २०२१ च्या एप्रिलमध्ये, ऐन जयंतीच्या तोंडावर, कोरोनाने गेले.

पण पडद्याबाहेर काय घडते? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे पडली. शाहीर विलास घोगरे ते सोसू शकले नाहीत आणि चार दिवसांनी त्यांनी स्वतःला संपवले. आम्ही त्या मृत्यूचे उदात्तीकरण करीत नाही. असा शाहीर जगायला हवा होता, हेच आमचे म्हणणे आहे. २००२ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना गाण्यासाठी तुरुंगाच्या भिंती पाहाव्या लागल्या. आणि २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, एवढे कारण भांडणाला पुरले, अशी बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. ज्या गाण्याच्या तीन सेकंदांना आजही जातीयवादी घाबरतो, त्या गाण्याला 'गाणीच ती' म्हणणारा माणूस एकतर भोळा आहे किंवा ढोंगी!

आणि आम्ही काय केले?

आता बोट स्वतःकडे वळवायला हवे. दुसऱ्याला नावे ठेवणे सोपे असते.

आमच्या घरी एक कॅसेट होती. आमच्या थोरल्या आत्याचा आवाज तीत होता. बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडताना म्हणायची ती गाणी आणि जात्यावरच्या ओव्या, मिळून अर्धा-पाऊण तास. एका जयंतीला कुणीतरी टेप आणला होता, हौस म्हणून भरून घेतले. आत्या गेल्या. काही वर्षांनी आमच्याच घरातल्या पोरांनी मिरवणुकीची गाणी भरायला रिकामी कॅसेट शोधली, आणि सापडली ती हीच. आत्याच्या आवाजावर ढोलाचा धांगडधिंगा चढला. आम्हाला कळले तेव्हा उशीर झाला होता. कुणाला रागावणार? पोरांना माहीत नव्हते, आणि त्यांना सांगायचे काम आमचे होते. सनातन्यांनी आमचा इतिहास पुसला म्हणून आम्ही व्यासपीठावरून घसा कोरडा करतो. आत्याचा आवाज मात्र कुणा सनातन्याने पुसला नाही. तो आम्हीच पुसला!

हे आमच्या एकट्याच्या घरात घडले असेल असे आम्हाला वाटत नाही.

आज बीड जिल्ह्यात गाणे कमी आहे असे मुळीच नाही. ऊसतोडीच्या टोळ्या पट्टा पडला की परत येतात, ट्रॅक्टरवरच्या स्पीकरमधून भीमगीते वाजत येतात. चौदा एप्रिलला गल्लीगल्लीत मांडव पडतात. औरंगाबादच्या कडुबाई खरात यांनी एकतारीवर म्हटलेली गाणी मोबाईलवरून लाखो लोकांनी ऐकली. टिनाच्या घरात राहणाऱ्या एका बाईला कुठल्या कंपनीने नव्हे, लोकांनी मोठे केले. तिकडे तामिळनाडूत २०१७ साली कास्टलेस कलेक्टिव्ह उभा राहिला आणि त्याने गाना, रॉक, रॅप एकत्र करून जातीला थेट सवाल केला. आमचीही पोरे रॅप लिहू लागली आहेत. म्हणजे चूल पेटती आहे.

मग दुखणे कुठे आहे? दुखणे आहे आवाजाच्या भिंतीत. जयंतीला लाखांनी वर्गणी जमते आणि ती डीजेच्या भाड्यात जाते. छातीत धडधडते, काचा हादरतात, शब्द एकही ऐकू येत नाही. ज्या गाण्याचे शस्त्रच शब्द होते, त्या गाण्यातून शब्दच काढून घेतला तर उरते काय? नाचायला आमचा विरोध नाही. ज्या समाजाला गावात वरात काढू दिली जात नव्हती त्याने रस्त्यावर नाचणे हाही बंडाचाच भाग आहे. पण त्या वर्गणीतली शंभरातली एक नोट तरी आपल्या आजीचा आवाज जपायला काढली का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तिकडे त्या शे-दोनशे डेथरॉकवाल्यांनी आपली एकेक कॅसेट, एकेक पत्रक जपून ठेवले. हॅकनी भावांची ती पाचशे प्रतींची रेकॉर्ड कुणीतरी फेकून न देता ठेवली, म्हणून २००९ साली ती परत जिवंत झाली. आमच्या माजलगावच्या बायांचे आवाज जपले ते एका पुणेकर बाईने आणि दोन फ्रेंच माणसांनी. त्यांचे ऋण आम्ही मान्य करतोच, कृतघ्नपणा ही आमची संस्कृती नाही. पण १९९६ साली भीमनगरात चळवळीच्या कार्यकर्त्यांची कमी होती का? गटातटांच्या बैठका होत नव्हत्या का? मग टेपरेकॉर्डर घेऊन त्या बायांच्या ओसरीवर आमच्यातला एकही का बसला नाही? आम्हाला पुढाऱ्याचे भाषण इतिहास वाटले आणि आईची ओवी नुसती करमणूक वाटली. बाईच्या कामाला किंमत नाही, ही तर मनूची शिकवण! ती आमच्याही घरात चोरपावलांनी शिरली होती, हे कबूल करायला हवे.

आता सबब राहिलेली नाही. प्रत्येक पोराच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. ज्यांनी जात्यावर बाबासाहेब गायले त्या बाया आज ऐंशी-नव्वदीच्या आहेत. दर पुण्यानुमोदनाला त्यांच्यातली एक कमी होते. जाते गिरणीने बंद पाडले, तसा ओवीचा ओघही आटला, कारण हात फिरला की ओठ फिरत, हात थांबला की ओठही थांबतात. पुढच्या जयंतीपर्यंत वाट पाहू नका. आज संध्याकाळी बसा. आजीचे नाव, माहेर, सासर, साल विचारा आणि म्हणायला लावा. प्रत्येक बुद्धविहारात एक नोंदवही आणि एक पेटी ठेवा. एवढ्या कामाला कुठल्या पक्षाची परवानगी लागत नाही, कुठल्या पुढाऱ्याचे उद्घाटन लागत नाही.

त्या दिवशी जेवणे उरकल्यावर आम्ही पाहिले, तो काळ्या टी-शर्टमधला पोरगा आजीच्या पायाशी बसला होता. त्याने एका कानातली वायर आजीच्या कानाला लावली. तिने क्षणभर ऐकले, तोंड वाकडे केले आणि वायर काढून टाकली. "ठोका बरा हाय, पर सबूद कळंना," म्हणाली. मग त्याने मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरला. आजीने पदर सावरला, डोळे मिटले. उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरू लागला.

आम्ही तिथून हळूच उठलो. मध्ये बोलून त्या ध्वनिमुद्रणात आमचा आवाज घुसडायचा नव्हता.